नदीपारचं टपाल

वामनराव मुळावकरांनी छत्तीस वर्षं सरकारी मोजणीखात्यात काढली आणि एकही दगड खोटा रोवला नाही. हे त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पेन्शनीत निघालेला प्रत्येक माणूस आपल्या नोकरीबद्दल असंच सांगतो. पण ही गोष्ट त्यांच्यावर डूख धरून असलेले लोक सांगत. कळंब तालुक्यात एका गावी दोन चुलतभावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलं होतं. थोरल्यानं हद्दीचा दगड गुपचूप तीन हात सरकवला आणि वर शेंदूर फासून त्याचा देवच करून टाकला. नारळ फुटले, उदबत्त्या लागल्या. आता देवाला हात लावायची कुणाची छाती? वामनरावांनी मोजणी केली, पायातल्या चपला काढल्या, दगडाला हात जोडले, रीतसर क्षमा मागितली आणि त्या देवाला उचलून तीन हात मागं, त्याच्या मूळ जागी नेऊन बसवलं. थोरला मरेपर्यंत त्यांना शिव्या देत राहिला. पण पोरांत वाटण्या करायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, "मोजणीले तो मुळावकरच पाठवा."

"दगडाले तोंड नसते," वामनराव म्हणत. "त्याच्यातर्फे मोजणाऱ्यालेच खरं बोला लागते."

अशा माणसाच्या हातून उतारवयात जे घडलं, त्याची ही हकीकत. घडलं ते एका व्हिडिओ गेमपायी. हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आताच हसून घ्यावं.

त्यांची बायको रत्नप्रभा. यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती, ट्रंक कॉलच्या जमान्यापासून. त्या नोकरीचा एक नियम होता: समोरच्यानं नंबर सांगितला की तो आधी परत म्हणून दाखवायचा आणि मगच जोडायचा. हा नियम बाईच्या अंगात असा मुरला की तो घरीही आला. वामनराव म्हणत, "भाजीत मीठ कमी आहे." ती म्हणे, "मीठ कमी," आणि मग मीठ घाली. "उद्या सकाळची गाडी आहे." "सकाळची गाडी." लग्नानंतर पहिली दोन वर्षं वामनरावांना वाटे, ही आपल्याला वेडावते. मग त्यांच्या लक्षात आलं की बाईनं शब्द परत म्हटला म्हणजे तो तिला पोचला आणि पटला. जे पटत नसे ते ती परत म्हणत नसे. एवढी वर्षं पलीकडचे आवाज ऐकून तिला एक विद्या अवगत झाली होती. "साहेब घरी नाहीत," असं कुणी फोनवर सांगितलं, की साहेब शेजारीच बसले आहेत हे तिला श्वासावरून कळे.

मुलगी केतकी नोकरीला पुण्याला गेली आणि आपला कॉम्प्युटर, गेम खेळायच्या रिमोटसकट, यवतमाळजवळ लोहाऱ्याला आईवडिलांच्या घरी ठेवून गेली. रत्नप्रभा तेव्हा नुकती निवृत्त झाली होती. टीव्हीवरच्या सासवासुनांना ती आठ दिवसांत कंटाळली. सुट्टीला आलेल्या केतकीनं एक गेम लावून दिला आणि रिमोट आईच्या हाती दिला. गेमचं नाव 'सातपाणी'.

चार-पाच पोरांनी मिळून केलेला गेम. त्यात तलवार नाही, बंदूक नाही, कुणी कुणाचा जीव घेत नाही. सातपाणी नावाचं एक खेडं, तिथं बदलून आलेला पोस्टमन आणि त्याच्या खांद्यावर टपालाची पिशवी. पोस्टमास्तर एकेका पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवी: "हापशीच्या मागं, लिंबाखाली, लोहाराच्या बाजूला." पुढचं तुमचं तुम्ही. नकाशा नाही, घड्याळ नाही, बाण नाही. चुकलात तर वाटेतला माणूस सांगे, आणि तोही खेड्यातल्या माणसासारखाच सांगे, म्हणजे दोन कोसांवरचं ठिकाण "हे काय, इथंच" म्हणून सांगे.

गावात सात पाणी होती: विहीर, हापशी, तळं, ओढा, झरा, गुरांचा हौद आणि नदी. प्रत्येक पाण्याचा आवाज वेगळा. विहिरीवरचा रहाट करकरे, हौदावर गळ्यातल्या घंटा वाजत, तळ्यावर धुणं आपटलं जाई. दारंसुद्धा वेगवेगळी वाजत. कुठं साखळी, कुठं कडी, कुठं नुसता बांबूचा ताट्या सरकायचा. बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता, हे गेममधलं काहीही न कळणाऱ्या माणसालाही कळे.

आणि पिशवीत शेवटपर्यंत एक पाकीट उरे. पोस्टमास्तर ते वाची, "भैरवीबाई, नदीपार, मोठ्या चिंचेखाली." मग जरा थांबून म्हणे, "पूल पडला आहे. राहू द्या पिशवीत." नदीच्या काठाशी उभं राहिलं की पलीकडून एका म्हातारीचा आवाज गाईला हाक मारी, "कपिले, ये गं!" बस, एवढंच. सगळं टपाल वाटून गेम संपला तरी ते पाकीट पिशवीतच असे. हाक मारणारी तीच भैरवी, हे रत्नप्रभानं आवाजावरून ठरवून टाकलं होतं.

"तिचं पत्र देल्याशिवाय कसा काय संपला म्हणते हा गेम?" ती म्हणे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

पुढं तिला काचबिंदू निघाला. नजर कडेनं मिटत आली आणि करोनाच्या दुसऱ्या वर्षी पुरती विझली. नजर जात होती त्या दिवसांत वामनरावांनी एक काम केलं. ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला, वर सुवाच्य अक्षरात 'मौजे सातपाणी' असं लिहिलं आणि गेममधल्या त्या खेड्याची मोजणी केली. एक इंचाला वीस पावलं. पोस्टापासून विहीर चाळीस पावलं, विहिरीपासून हौद पंचावन्न. उत्तरेची खूण, प्रमाण, खाली सही आणि तारीख. बायकोला दिसेनासं झालं की आपण शेजारी बसून वाट सांगायची, असा त्यांचा विचार.

पण सांगायची वेळच आली नाही. रत्नप्रभा कानानं चालू लागली. रहाट डावीकडं आला की वळायचं, घंटा मागं पडल्या की थांबायचं, पायाखालची माती जाऊन खडी वाजली की पाटलाची गल्ली. वामनराव नकाशा मांडीवर घेऊन बसत आणि ताडून पाहत. तिचं एक पाऊल चुकत नसे.

खऱ्या जगात मात्र तिला असं चालता येत नव्हतं. घरासमोर नालीचं काम निघालं होतं आणि ती उघड्या नालीत पडून महिनाभर अंथरुणात होती. तेव्हापासून फाटकाबाहेर ती एकटी गेली नाही. दर चतुर्थीला दोघं एसटीनं कळंबला जात. तिथला चिंतामणी जमिनीखाली बसलेला, त्याच्याकडं पायऱ्या उतरून जावं लागतं. वामनराव तिचा हात धरून कानाशी सांगत, "उतर. उतर. ही जरा उंच." ती म्हणे, "उंच," आणि पाऊल टाके. पाय पुढं करून चाचपायला ती कधी थांबली नाही. बघणाऱ्याला वाटे, बाईला दिसतं. विश्वास कशाला म्हणतात हे वामनरावांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

तरी तो दुसऱ्याचा हात होता. एकटीनं, आपल्या मनानं, हव्या त्या गल्लीत वळायचं असं एकच गाव तिला उरलं होतं.

पहिल्या गेमला सहा वर्षं झाली तेव्हा केतकीचा फोन आला. "आई, सातपाणीचा दुसरा भाग येऊन राह्यला! नाव काय आहे सांगू? 'नदीपार'!"

"नदीपार," रत्नप्रभा म्हणाली. मग तिनं फोन वामनरावांच्या हाती दिला आणि पदरानं डोळे पुसले. दिसायचं थांबलं तरी डोळे पाझरायचे थांबले नव्हते.

जाहिरातीत सगळं साग्रसंगीत लिहिलं होतं. तेच गाव, त्याच गल्ल्या, पूल बांधून झाला आहे, तुमची वाट पाहत आहे. वामनरावांनी ती चार वेळा वाचून दाखवली. रत्नप्रभा शेजारच्या नलूताईंना सांगू लागली, "माहं एक टपाल राह्यलं आहे ना, ते आता देऊन येतो." नलूताईंना वाटलं, डोळ्यांमागून आता डोकंही चाललं. आठ महिने घरात दुसरा विषय नव्हता. त्या पत्रात काय असेल, यावरून दोघांत पैजा लागल्या. वामनराव म्हणत, जमिनीचं असंन. ती म्हणे, "तुमाले जमिनीशिवाय काही सुचते का? मुलीचं असंन. मुलगी येतो म्हणत असंन."

नोव्हेंबरात गेम आला. जुन्या कॉम्प्युटरवर तो चालेना, म्हणून वामनरावांनी नासिरला बोलावलं. लोहारा रोडवर त्याचं दुरुस्तीचं दुकान. त्याचे वडील रेडिओ नीट करत, तो कॉम्प्युटर करतो. त्या सकाळी नलूताई रत्नप्रभाला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेल्या होत्या. नासिरनं कॉम्प्युटर नीट केला, गेम सुरू केला आणि दोघं पाहू लागले.

पाच मिनिटांत वामनरावांनी नकाशा उघडला. दहा मिनिटांत मिटला.

विहीर नव्हती. तिच्या जागी दुकान होतं. तळं बुजवून त्यावर घोड्यांची शर्यत बसवली होती. हौद, झरा, ओढा, सगळे गायब. सातांतली दोन पाणी कशीबशी उरली होती आणि नाव मात्र सातपाणीच. पोस्टमास्तर नव्हता. पोस्टमनला फटफटी दिली होती, पिशवी जाऊन पार्सलांचा डबा आला होता आणि वर घड्याळ टिकटिकत होतं. रस्त्यावर भला मोठा पिवळा बाण, मुकाट्यानं त्याच्या मागं जायचं. कोणत्याही दारापुढं थांबलं की 'टिंग' वाजे आणि तीन चांदण्या उडत. सगळ्या दारांचा तोच टिंग. या सगळ्यावर कानठळ्या बसवणारं संगीत.

"नदीपार जा," वामनराव म्हणाले. 

नासिरनं फटफटी पुलावरून नेली. पलीकडं बाजार होता. फटफटीला नवा रंग, पोस्टमनला नवा चष्मा, नवी टोपी. चिंच नव्हती. गाय नव्हती. नासिरनं इकडून तिकडून शोधलं, मग मोबाइलवर लोकांचं बोलणं वाचलं. हजारो लोक तेच विचारत होते: भैरवीबाईचं पत्र कुठं आहे? ते या भागात कुठंच नव्हतं. ज्यांनी हा भाग केला त्यांना बहुतेक ते ठाऊकही नव्हतं.

वामनरावांना राग आला, आणि तो साधा राग नव्हता. एखाद्यानं त्यांच्या देखत शेंदूर फासलेला दगड सरकवावा, तसा तो राग होता. आठ महिने ह्या गेमवाल्यांनी आपल्या बायकोला आशेला लावलं, तेच गाव, त्याच गल्ल्या म्हणून सांगितलं, आणि गावाचं नाव तेवढं ठेवून गाव विकून खाल्लं.

"काका, सच बोलू का?" नासिर म्हणाला. "काकूले आताच सांगून द्या. त्याइले कानानं समजतेच. तुमी कायले लपवता?"

"आठ महिने वाट पाह्यली तिनं, नासिर."

"म्हणूनच सांगा म्हणतो."

वामनरावांनी मान हलवली. नासिर गेल्यावर ते रिकाम्या खोलीत बसून राहिले आणि छत्तीस वर्षांत जे केलं नाही ते करायचं त्यांनी ठरवलं. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद केलं, घड्याळाचा आवाज बंद केला. टिंग काही बंद होईना. एक पत्र तर द्यायचं आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. बिचारीला समाधान मिळेल, मग गेम मिटवून टाकू. माणूस खोटं बोलायला लागला की आधी स्वतःलाच बोलतो.

बँकेतून आल्यावर रत्नप्रभानं चहासुद्धा घेतला नाही. हातपाय धुऊन, चांगलं लुगडं नेसून ती खुर्चीत बसली. कुणाकडं पाहुणी जावी तशी.

"फटफटी देली बरं त्याले," वामनराव सांभाळून म्हणाले.

"फटफटी!" ती हसली. "बढती झाली म्हणा की. पहिले विहिरीवर जातो मी. मग तिकडे."

सवयीनं तिनं डावीकडं घेतलं. चाळीस पावलांच्या अंदाजानं थांबली. कान देऊन बसली. रहाट वाजला नाही. थोडी पुढं गेली आणि फटफटी भिंतीवर आदळली.

"जरासं बांधकाम झालं आहे तिथी," वामनराव म्हणाले.

ती उजवीकडं वळली. पुन्हा भिंत. हौदाच्या घंटा शोधत गेली, तिथंही भिंत. ज्या गावात तिचं पाऊल कधी चुकलं नव्हतं त्या गावात ती सांदीत सापडलेल्या मांजरीसारखी इकडून तिकडं धडकत होती. वामनरावांना ते पाहवेना.

"दे, मी नेतो," असं म्हणून त्यांनी तिच्या हातातून रिमोट घेतला.

तिनं दिला. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

वामनरावांनी बाणामागून फटफटी नेली. "हा पूल," ते म्हणाले. "आता आपण नदीपार आलो."

"पाण्याचा आवाज नाही आला."

"नदी आटली आहे. उन्हाळा दाखवला."

त्यांनी एका चष्म्याच्या दुकानापुढं गाडी थांबवली. "हे पाह्य, चिंच. मोठी आहे, दोघांच्या कवेत येणार नाही एवढी."

"पाला नाही वाजत."

"वारा पडला आहे."

एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आता मागं फिरायचं तरी कुठं? "हे भैरवीबाईचं दार," ते म्हणाले. "हिरवं आहे. घे, तूच दाब. तुह्याच हातानं दे पत्र."

रिमोट त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं अंगठा ठेवला, जरा थांबली आणि दाबला.

टिंग.

"उघडलं दार," वामनराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. कचेरीत पंचनामा वाचून दाखवावा तसा लागला होता. "म्हातारी आहे. पांढरे केस. तिनं पत्र घेतलं. कपाळाले लावलं. म्हणते, मुलगी येऊन राह्यली माही."

त्यांनी वाट पाहिली. मुलगी येऊन राह्यली, असं ती आता परत म्हणेल. रत्नप्रभानं ते परत म्हटलं नाही.

"अजून एका दारी न्या मले," ती म्हणाली. "कोणत्याही."

काय करणार? त्यांनी गाडी शेजारच्या दुकानापुढं नेली. तिनं बटण दाबलं. टिंग. "अजून एक." टिंग. मग तिनं रिमोट टेबलावर ठेवला. ठेवताना टेबलाची कड आधी हातानं चाचपली.

"अहो, एक विचारू? नोकरीत तुमी कधी खोटी मोजणी केली काय?"

"नाही," वामनराव म्हणाले. हे मात्र खरं होतं आणि खऱ्यासारखं वाजलं.

"हो ना. मंग माहीच काहून केली?"

वामनरावांनी हात पुढं करून गेम बंद केला.

"गाव बुडवलं त्या पोराइनं, ते समजलं मले भितीवर आपटली तेव्हाच. ते कोण माहे लागतात? धंदा आहे त्याइचा. मी रडली असती घटकाभर आन उठली असती." तिचा आवाज चढला नाही, एक्स्चेंजात रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलताना जसा ती ठेवत असे, तसाच सपाट होता. "पण तुमी दगड सरकवला. आन वरून शेंदूर फासला. आंधळीले काय दिसते म्हणून."

"तुह्यासाठीच केलं, रत्ना."

"तो थोरलाही पोराइसाठीच करत होता," ती म्हणाली आणि उठून भिंतीच्या आधारानं आत गेली.

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी वामनरावांनी ठेवणीतला कागद काढला आणि कंपनीच्या नावानं अर्ज लिहिला. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. 'विषय: मौजे सातपाणी येथील विहीर, तळे, हौद, ओढा व झरा बेकायदा बुजविल्याबाबत व नदीपारचे टपाल गहाळ केल्याबाबत हरकत.' खाली बारा मुद्दे, त्यांतला एक नदीकाठी उभी राहून भैरवीबाईची हाक ऐकणाऱ्या आपल्या आंधळ्या बायकोबद्दलचा, सोबत नकाशा आणि शेवटी मागणी: फेरमोजणी करून मूळ हद्दी कायम कराव्यात. कचेरीतल्या सवयीनं तळाशी 'प्रत माहितीसाठी' घातली आणि पहिल्या भागाच्या शेवटी ज्या पोरांचा पत्ता होता तो लिहिला. नासिरनं सगळ्याचे फोटो काढून दोन्हीकडं पाठवले. त्याला हसू आलं नाही.

कंपनीचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार! गेम आवडला असेल तर पाच चांदण्या द्या.' हे कुठल्या माणसानं लिहिलेलं नव्हतं.

'प्रत माहितीसाठी'चं उत्तर मात्र आठवड्यानं आलं, आणि ते माणसाचं होतं. सलील नावाच्या पोरानं लिहिलं होतं: पहिला भाग केलेल्यांपैकी आता तिथं कुणी उरलं नाही. नाव विकलं गेलं, गावही त्याबरोबर गेलं. नकाशा पाहून आम्ही सगळे रडलो. नदीपार काय आहे ते आम्ही कधी काढलंच नव्हतं, कारण ते आम्हालाही माहीत नव्हतं. ती गाईची हाक माझ्या आजीची आहे. ती गेल्या वर्षी वारली. काकूंना सांगा, त्या भैरवी समजून जिला ऐकत होत्या, ती खरी होती.

वामनरावांना वाटलं, देव पावला. कागद हातात घेऊन ते आत धावले आणि त्यांनी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. 

रत्नप्रभा वाती वळत होती. ऐकून घेतलं. हात थांबले.

"खरंच लिहिलं आहे असं?" ती म्हणाली. "का तुमी सांगून राह्यले?"

"रत्ना, आईची शप्पथ!"

तिनं मान हलवली, हो म्हणून नव्हे आणि नाही म्हणूनही नव्हे. संध्याकाळी नलूताई आल्या तेव्हा तिनं तो कागद मागवला आणि त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतला. नलूताई अडखळत वाचत होत्या, आणि रत्नप्रभा प्रत्येक ओळ हळूच परत म्हणत होती. "आजीची आहे. गेल्या वर्षी वारली. ती खरी होती." वामनराव बाहेरच्या खोलीत बसून हे ऐकत होते. नलूताई गेल्यावर तिनं कागद घडी करून उशीखाली ठेवला. जुना गेम लावून देऊ का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नोको. पलीकडे काहीच नाही, समजलं ना आता. काठावर कशी उभी राहू?"

चतुर्थीला दोघं नेहमीसारखे कळंबला गेले. गाडीत तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, घरून आणलेला चिवडा दोघांनी खाल्ला. भांडण मिटलं होतं, तसं ते फारसं झालंही नव्हतं. चपला काढून वामनरावांनी तिचा हात धरला आणि ते पायऱ्यांपाशी आले.

"उतर," ते म्हणाले. "उतर. ही जरा उंच."

"उंच" असं ती परत म्हणाली नाही. हातातला हात तसाच होता. पण उतरायच्या आधी तिनं पाय पुढं केला, बोटांनी पायरीची कड चाचपली, खाली किती आहे ते टाचेनं पाहिलं आणि मगच उतरली.

पायरी उंचच होती. पुढच्या पायरीलाही तिनं तसंच केलं.